उचलण्याआधीचं वादन

माझ्या कामातली पहिली अडचण हातांची होती. थंडीत बोटं आखडतात आणि आखडलेल्या बोटांनी चेलो वाजत नाही. त्यावर क्राऊस यांच्याकडे एक उपाय होता. ते घरून उकडलेले बटाटे जाड फडक्यात गुंडाळून आणायचे आणि वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या कोटाच्या खिशात एकेक टाकायचे. वाजवायची वेळ होईपर्यंत हात खिशात, बटाट्यावर. काम संपलं की तोच बटाटा मीठ लावून खायचा. क्राऊस हे ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहरात एका दफनभूमीचे व्यवस्थापक होते आणि मी तिथे संगीत शिकायला गेलेली बडोद्याची मुलगी. शिक्षण चालू असताना काही वर्षं मी त्यांच्याकडे अंत्यविधींमध्ये चेलो वाजवला.

या अंकाच्या संपादकांनी परदेशातल्या संगीत-शिक्षणावर लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात बर्फ, झुंबरं आणि मोठी सभागृहं असणार. तीही मी पाहिली, स्वस्त तिकीट काढून सर्वांत मागे उभी राहून. पण ‘तिथे तू रोज काय करायचीस?’ असं कोणी विचारलं तर खरं उत्तर बटाट्यापासून सुरू होतं. यंदा आमच्याकडे दिवाळी नाही. आईला जाऊन अजून वर्ष व्हायचं आहे. फराळाची गडबड नाही, त्यामुळे लिहायला वेळ आहे.

चेलो म्हणजे व्हायोलिनचं थोरलं भावंड. ते खुर्चीवर बसून, दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून वाजवतात. आमच्या घरात ते येण्याचं काही कारण नव्हतं. पणजोबा संस्थानच्या फौजेत शिपाई होते, बाबा प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात फिटर. फत्तेगंजमध्ये एक म्हातारे ख्रिस्ती शिक्षक व्हायोलिन शिकवायचे. त्यांच्याकडे मला घातलं, आणि माझे हात लांब आहेत म्हणून त्यांनी कोपऱ्यात पडलेला चेलो माझ्यापुढे ठेवला. पाणीगेटजवळच्या आमच्या घरात मी रियाझाला बसले की शेजारच्या हंसाबेन आईला विचारायच्या, “बेन, आ शुं वागे छे? कोई मांदुं छे?” हे काय वाजतंय, कोणी आजारी आहे का, असं. आई सांगायची, “नाही हो, आमची वसू शिकतेय.”

ग्राट्समधला दिवस असा जायचा. सकाळी लवकर जाऊन रियाझाच्या खोलीसाठी नाव लावायचं, कारण खोल्या कमी आणि विद्यार्थी फार. मग जर्मन भाषेतली व्याख्यानं. त्यातलं निम्मं पहिल्या वर्षी डोक्यावरून गेलं. दुपारी जेवणानंतर घरी वाद्याला हात लावायचा नाही, कारण तिथे ती शांततेची वेळ मानतात आणि शेजारी भिंतीवर ठोकतात. माझ्या वर्गातला एक मुलगा अंत्यविधींना व्हायोलिन वाजवायचा. तो म्हणाला, “दुपारी आवाज केला तर न रागावणारे शेजारी फक्त तिथेच आहेत. येतेस?” अशी मी गेले.

काम बाहेरून सोपं दिसतं. दफनभूमीत एक सभागृह असतं. पुढे शवपेटी, फुलं, बाकांवर माणसं. आम्ही बाजूला बसायचं. लोक आत येताना एक वादन, मधे एक, आणि पेटी उचलण्याआधी शेवटचं. सगळं कौशल्य त्या शेवटच्यात. नातेवाइकांच्या तोंडाकडे बघायचं नाही, पेटीकडेही बघायचं नाही. बघायचं क्राऊस यांच्या टोपीकडे. त्यांनी टोपी काढली की सुरू करायचं. पेटी उचलणारे सहा जण करड्या हातमोज्यांनी कड्या धरून वाकून उभे राहतात. पण शेवटचा सूर विरेपर्यंत आणि क्राऊस टोपी परत घालेपर्यंत उचलत नाहीत. वादन लांबलं तर लांबलं. त्यांच्या पाठी दुखत असणारच. पण मी तक्रार कधी ऐकली नाही.

आईला पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा तिने पुन्हा विचारून घेतलं.

“कुठे वाजवतेस म्हणालीस?”

“स्मशानात, आई. म्हणजे त्यांच्या.”

“एवढं सातासमुद्रापार जाऊन मर्तिकाला वाजवायचं? आपल्याकडे बायका स्मशानात पाऊल ठेवत नाहीत आणि तू तिथे कचेरीला जाशील?” आणि लगेच, “परत आल्यावर अंघोळ केलीस ना? केसांवरून?”

मी केली नव्हती. तिने फोन ठेवायला लावला. तेव्हापासून ठरून गेलं. अंत्यविधीहून आले की मी चेलो खोलीत ठेवायची आणि फोनची वाट बघायची. तिकडे बडोद्यात दिवेलागण होऊन गेलेली असायची. फोन आला की पहिला प्रश्न तोच, ‘अंघोळ? केसांवरून?’ मी ‘आता जाते’ म्हणायची, जायची, आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून पुढचं बोलणं. मागून वर्तमानपत्र उलटल्याचा आवाज यायचा. बाबा. ते फोनवर कधी आले नाहीत. “ऐकतायत नुसते,” आई म्हणायची. “बोला म्हटलं तर ‘तू बोल’ म्हणतात.”

घरमालकीण फ्राऊ हुबर यांना हे भर दुपारचं नहाणं कळेना. थंडीत ओल्या केसांनी माणूस मरतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. एकदा त्या न्हाणीघराच्या दाराशीच उभ्या राहिल्या. “तुला काही त्वचेचा रोग आहे का? मला सांगितलंस तरी चालेल.” मी जमेल तसं समजावलं, की आमच्याकडे मृताला पोचवून आल्यावर डोक्यावरून पाणी घेतात. त्यांनी विचार केला. म्हणाल्या, “म्हणजे मी मेले की तू माझ्या घरी येऊन मला धुऊन टाकणार?” त्या चिडल्यात की गंमत करतायत, ते मला कळलं नाही. मग त्यांनीच सांगितलं, “माझ्या वेळेस नको करूस. मी स्वच्छ बाई आहे.”

माझ्या शेवटच्या वर्षी त्या गेल्या. मी वाजवलं. आईला म्हटलं, “या वेळी अंघोळ नको म्हणाल्या होत्या.” आई म्हणाली, “ती म्हणेल बिचारी. तू कर.”

या कामात माणसं मेलेलीच भेटतात असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर भेटतात ती राहिलेली. एका गृहस्थाला आपल्या भावासाठी वाजवायचं प्रत्येक गाणं आधी ऐकून पसंत करायचं होतं, आणि शेवटी त्याने सगळी नापसंत करून ‘मग काहीच नको, पण तुम्ही तिथे बसा’ असं सांगितलं. आम्ही वाद्यं धरून बसलो. तेही काम व्यवस्थित झालं.

आणि एकदा कोणीच नव्हतं. नगरपालिकेने करायचा विधी होता. एकट्या राहणाऱ्या एका म्हाताऱ्याचा. पाद्री, आम्ही दोघं वाजवणारे, आणि रिकामे बाक. क्राऊस यांनी टोपी काढली, ती हातात घेऊन पुढच्या बाकावर जाऊन बसले आणि आमच्याकडे पाहून मान हलवली. एरवी ते कधीच बसत नसत. वाजवून झाल्यावर उठले, टोपी घातली, आणि परत व्यवस्थापक झाले.

ही गोष्ट आईला लागली. “कोणीच नाही? भाचे-पुतणे पण नाहीत?” पुढे पितृपक्ष आला तेव्हा तिने विचारलं, “त्या माणसाचं नाव काय गं होतं?” मी सांगितलं. तिला ते म्हणता येईना. “बरं, गोत्र?”

“आई, ते ख्रिस्ती होते.”

“माहीत आहे मला. गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणतात. कावळ्याला काय कळतंय?” गच्चीवर आजोबांच्या शेजारी तिने एक वेगळा घास ठेवला. ग्राट्सच्या काश्यप गोत्री गृहस्थांचा घास त्या वर्षी कावळ्याने आधी उचलला, असं तिने मला मोठ्या कौतुकाने कळवलं. मागून बाबा खोकले. ते हसले की खोकतात.

आता ट्रामवाल्याची गोष्ट. तो आयुष्यभर ट्राम चालवून निवृत्त झालेला. त्याच्या बायकोने क्राऊस यांना बजावलं, “रडकं काही नको. त्याला नाचायला आवडायचं.” क्राऊस यांच्या सभागृहात नाचाची धून म्हणजे देवळात तमाशा. पण बाई ऐकेनात, तेव्हा शेवटी वाजवायला एक जुनी नाचाची धून ठरली, जरा सावकाश चालीत. त्याचे जुने सोबती गणवेशात आले होते. त्यांतल्या एकाने पिशवीतून ट्रामची घंटा आणली होती आणि आम्ही धुनेच्या मध्यावर असताना त्याला ऊर भरून आला असावा, त्याने ती दोनदा वाजवली. ट्राम सुटताना वाजवतात तशी. पेटी उचलणारे सहा जण त्याच गावचे, लहानपणापासून त्या घंटेवर हललेले. घंटा झाली आणि त्यांनी पेटी उचलली.

आमची अर्धी धून उरली होती. टोपी अजून क्राऊस यांच्या हातात होती. ते आवाज न करता पुढे गेले आणि त्यांनी पेटीच्या झाकणावर तळहात ठेवला. जोर नाही, नुसता ठेवला. सहा जणांनी पेटी खाली टेकवली. आम्ही धून पुरी केली. मग टोपी डोक्यावर गेली आणि ट्रामवाला निघाला. मी क्राऊस यांना एवढं रागावलेलं पुन्हा कधी पाहिलं नाही, आणि त्या रागात ते एक शब्दही बोलले नाहीत.

आईला ही गोष्ट फार आवडली. दोनतीनदा सांगायला लावली. मग म्हणाली, “बरं केलं त्यांनी. अर्ध्यावर उचलणं बरं नव्हे. आपल्याकडे तर काय घाई असते बाई, माणूस गेलं की जणू गाडी चुकणार आहे.” आणि लगेच म्हणाली, “वसू, माझ्या वेळी तू वाजव. ते जिन्याचं. पण पुरं वाजव हं. अर्ध्यावर सोडून द्यायचं नाही.”

‘जिन्याचं’ म्हणजे एकट्या चेलोसाठी असलेली एक संथ रचना. तिचं नाव आईला कधी पाठ झालं नाही. तिचा पहिला भाग पायऱ्या उतरत गेल्यासारखा खाली खाली जातो. तळाशी एक मोठी शांतता आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, संपलं. मग दुसरा भाग तिथूनच हळूहळू वर येतो. आई म्हणायची, “खाली जाऊन काहीतरी विसरलेलं घेऊन परत वर आल्यासारखं वाटतं.” ती मला ते फोनवर पुष्कळदा वाजवायला लावायची आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवायची.

“अगं, असलं काय बोलतेस?” मी म्हटलं.

“तू रोज तेच काम करतेस आणि मी बोलायचं नाही होय?” आई म्हणाली. “म्हण, हो म्हण.” मी हो म्हटलं.

या कामाने माझं नुकसानही केलं, ते लिहायला हवं. माझे प्राध्यापक एकदा तासाला मला मध्येच थांबवून म्हणाले, “तुम्ही चांगलं वाजवता. पण कोणीतरी दाराबाहेर जाण्याची वाट बघत असल्यासारखं वाजवता.” त्यांचं बरोबर होतं. वाद्यवृंदांच्या निवडीला तिकडे पडद्याआड बसून वाजवावं लागतं. मी जिथे जिथे वाजवलं तिथून सभ्य शब्दांत नकार आला. पडद्यापलीकडच्या परीक्षकांनाही ते ऐकू जात असणार. मी बडोद्याला परत आले. तेव्हापासून मुलांना चेलो आणि व्हायोलिन शिकवते. मुलं जलद वाजवतात, मी त्यांना अडवत नाही. मी निघताना क्राऊस यांनी माझ्याशी हात मिळवला आणि माझ्या खिशात एक बटाटा टाकला. तो मे महिना होता.

आई गेल्या पौषात गेली. आजार छोटा होता. सकाळी गेली आणि दुपारपर्यंत घर भरलं. माझे काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, अशा वेळी सगळं हातात घेतात. फोन, भटजी, सामान, शववाहिनी. ते नसते तर आमचं काही झालं नसतं. मी त्यांना एका बाजूला नेऊन सांगितलं, की आईला मी शब्द दिला आहे.

“वाजव की,” काका म्हणाले. “कोण नाही म्हणतंय? पण खुर्चीवर बसून? वसू, मयताच्या घरात सगळे जमिनीवर बसलेत आणि तू वहिनीच्या उशाशी खुर्ची टाकून बसणार? लोक काय म्हणतील?”

चेलो जमिनीवर बसून वाजत नाही. पण काकांचंही खोटं नव्हतं. समोर म्हाताऱ्या आत्या, मावश्या फरशीवर बसल्या होत्या. मी घरभर पाहिलं. पाट फार बुटका. शेवटी मोरीतलं प्लॅस्टिकचं स्टूल सापडलं, ज्यावर बसून आई कपडे धुवायची. ते ना धड खुर्ची, ना धड जमीन. काकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान्य केलं. “दोन मिनिटांत आटप मात्र. गाडीवाला कटकट करतोय.”

“काका, पुरं वाजवीन.”

“अगं पुरं काय? कार्यक्रम आहे का?”

आईला अंगणात तिरडीवर ठेवलं होतं. बांधून झालं होतं. बाबा पुढे उभे होते, एका हातात विस्तवाचं मडकं. मी ओट्यावर स्टूल ठेवून बसले. हात गार होते. आमच्याकडे घरात मृत माणूस असताना चूल पेटवत नाहीत, त्यामुळे बटाट्याचा प्रश्नच नव्हता. टोपीही कोणाच्या हातात नव्हती, तेव्हा मीच माझी सुरू झाले.

पहिला भाग नीट झाला. गल्लीतली माणसं चूप होती. हंसाबेन डोक्यावर पदर घेऊन भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी पायऱ्या उतरत तळाशी आले आणि ती शांतता आली. मी गज तारेवरून उचलला नव्हता. पण ते कोणाला कळणार? गाडीवाल्याने तोंड आत घालून विचारलं, “पती गयुं, बेन?” संपलं का. काकांना वाटलं, संपलं. सगळ्यांना तसंच वाटलं. कोणीतरी म्हणालं, “चालो भाई, उपाडो.” आणि आमच्याकडे ‘उचला’ हा शब्द कानावर पडला की माणसांचे हात आपोआप पुढे होतात. चौघे वाकले. तिरडी जमिनीपासून वीतभर वर आली.

बाबांनी मडकं डाव्या हातात घेतलं आणि उजवा तळहात तिरडीवर ठेवला. जोर नाही, नुसता ठेवला.

“दादा, अहो उशीर होतोय,” काका म्हणाले.

“खाली ठेवा,” बाबा म्हणाले. “अर्धं राहिलंय.”

त्यांनी खाली ठेवली. गाडीवाला परत काही बोलणार होता, त्याला बाबांनी मान न वळवता, कारखान्यात बोलत तसं सांगितलं, “ऊभा रहो, भाई.” मी दुसरा भाग सुरू केला. आयुष्यात पहिल्यांदाच मी पेटीकडे बघू नये हा नियम मोडला. म्हणजे आईकडे बघून वाजवलं. वाजलं कसं, ते मला सांगता येणार नाही. पुरं वाजलं. शेवटचा सूर विरला, मी गज खाली घेतला, बाबांनी हात काढला, आणि त्यांनी तिला उचललं.

मी स्मशानात गेले नाही. तो विषय कोणी काढला नाही आणि मीही काढला नाही. माझं काम नेहमीच उचलण्यापर्यंतचं होतं. बायकांनी घर धुतलं, आई ठेवली होती तिथे पणती लावली. एकेक करून सगळ्या नाहून आल्या. हंसाबेन खिचडी-कढी घेऊन आल्या, मला म्हणाल्या, “न्हाई लो, बेन,” नाहून घे. मी हो म्हटलं आणि चेलो पुसत बसून राहिले. गजाचे केस सैल केले. वाद्य पेटीत ठेवलं. तरी बसून राहिले.

दिवेलागण झाली आणि माणसं परत आली. काका नळाकडे गेले. बाबा दाराबाहेरच उभे राहिले, ओला पंचा खांद्यावर, तोंडात कडुलिंबाचं पान. मी ओट्यावर गेले. एवढी वर्षं फोनवर न आलेले बाबा माझ्या केसांकडे पाहत होते.

“अंघोळ?” त्यांनी विचारलं.

“आता जाते.”

“केसांवरून घे,” बाबा म्हणाले.

मी ओट्यावरचं स्टूल उचललं आणि मोरीत गेले.